गंगेचा गाळ आणि दोन मांजरं : पैठण ते बाभळी

माझी भाची आंध्रात काकीनाड्याजवळ, जिथं गोदावरी, म्हणजे आमची गंगा, समुद्राला मिळते तिथं, कोरिंगाच्या खारफुटीत काम करते. काम म्हणजे गुडघाभर चिखलातून जाऊन झाडांना कॅमेरे बांधायचे, भरती-ओहोटीच्या वेळा बघून त्यातली कार्डं काढून आणायची आणि रात्री बसून हजारो फोटोंतून फिशिंग कॅट वेगळी काढायची. ताईला, म्हणजे तिच्या आईला, हे काही नीट सांगता येत नाही. "ती तिकडं मांजरं मोजते," एवढं सांगून ती शेजारणींना गप्प करते.

हे मांजर घरच्या बोक्याच्या दुप्पट असतं. शेपूट आखूड, करड्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी, पायाच्या बोटांमध्ये अर्धवट पडदे. केसांचे दोन थर असतात आणि आतला इतका दाट की कातडीपर्यंत पाणी पोचत नाही. काठावर दबा धरून बसायचं, पंजानं मासा ओढायचा, नाहीच जमलं तर सरळ बुडी मारायची. सुंदरबन, तराई, चिलिका, गोदावरी-कृष्णेची मुखं, पलीकडं श्रीलंका अशा पाणथळ जागी ते राहतं, आणि पाणथळ जागाच संपत चालल्यामुळं जागतिक लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जिवांच्या यादीत गेलंय. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. बंगालात त्याला बाघरोल म्हणतात आणि तो तिथला राज्यप्राणी आहे.

मराठवाड्यात हे मांजर नाही. म्हणून सुट्टीवर आल्या आल्या ती जेव्हा म्हणाली, "मामा, आपली गंगा बघायचीय, पैठणपासून पार मराठवाडा संपतो तिथपर्यंत," तेव्हा मी विचारलं, "कामून? तुझं मांजर तर खाली समुद्राकडं." ती म्हणाली, "मांजर नाही बघायचं. माती बघायचीय."

पहिला दिवस : पैठण

परभणीहून पाथरी, माजलगाव, गेवराई करत पैठणला पोचेस्तोवर दुपार कलली. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि धरणाकडं गेलो. भिंतीवर कुणालाही सोडत नाहीत, त्यामुळं बाजूच्या उंचवट्यावरून बघितलं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. पाणी बऱ्यापैकी होतं आणि पलीकडचा काठ धुरकट रेघेसारखा.

जायकवाडीचे आकडे आमच्या पिढीला तोंडपाठ आहेत. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सत्तावीस दरवाजे, मातीची दहा किलोमीटर भिंत, एकूण साठा १०२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला २६ मृतसाठा, म्हणजे कालव्यात न येणारा तळाचा साठा. पावसाळ्यात परभणी-जालन्याच्या पानटपरीवर सुद्धा 'किती टक्के झालं?' एवढंच बोलणं चालतं. उत्तर येतं ते जायकवाडीचंच.

भाचीनं मला त्या मृतसाठ्याबद्दल छेडलं. "त्यात काय साठतं मामा?" मी म्हटलं, गाळ. तर ती म्हणाली, "तो माझा आहे."

मग अर्धा तास तिथंच बांधावर बसून तिनं सांगितलं. गोदावरी मुखापाशी जी जमीन तयार करते ती वरून वाहून आणलेल्या मातीची, आणि त्यात आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाची माती भरपूर. त्या चिखलावर खारफुटी उभी आणि खारफुटीत मांजर. पण १९७०च्या दशकात नदी जेवढा गाळ समुद्राला नेऊन द्यायची, त्याच्या निम्म्याहून कमी आता देते. बाकीचा धरणांमागं बसतो. एकट्या जायकवाडीमागं नाही, नदीवर आणि उपनद्यांवर जिथं जिथं भिंत आहे तिथं. समुद्र आपलं घ्यायचं काम थांबवत नाही आणि नदी आणून टाकत नाही, म्हणून मुखाकडचा किनारा काही ठिकाणी खचत चाललाय.

हे मला झोंबलं. नाशिक-नगरवाल्यांनी वर पाणी अडवलं की आम्ही आंदोलनं करतो, समन्यायी पाणीवाटपाची कलमं काढतो. आमच्या भिंतीखाली कुणी गाळासाठी हक्क सांगेल असं कधी मनात आलं नव्हतं. "मग काय धरण फोडायचं का? इथं उन्हाळ्यात टँकरमागं पळालोय आम्ही," मी जरा तडकूनच बोललो. ती हसली. "नाही हो मामा. धरण राहू द्या. काठ तेवढे सोडा."

काठ म्हणजे नेमकं काय, ते दुसऱ्या दिवशी बघायला मिळालं.

रात्री धरणाजवळच्या साध्या हॉटेलात मरळ तळून मागवली. तिखट कमी सांगूनही नाका-डोळ्यांतून पाणी आलं. ज्वारीची भाकरी गरम, कांदा फोडून दिलेला. ताट साडेतीनशेच्या आत.

(जाणाऱ्यांसाठी : छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर, एसटी सारख्या असतात. पैठणी बघायला वेळ ठेवा, घ्यायची नसली तरी मागावर काम चाललेलं बघण्यासारखं असतं. नाथषष्ठीच्या दिवसांत पक्षी बघायला म्हणून जाऊ नका, राहायला जागा मिळायची नाही.)

दुसरा दिवस : नाथसागराचा काठ

पहाटे साडेपाचला थंडीनं दात वाजत होते. ओळखीतून एक भोई दादा ठरवले होते. ते काठावर कान टोपीत झाकून उभे. त्यांच्या चप्पूत आम्ही तिघं मावणार नाही हे बघताच कळलं, म्हणून आधी काठानं पायी आणि मग एकेकाला थोडं पाण्यात, असं ठरलं.

नाथसागर, म्हणजे जायकवाडीचाच जलाशय, १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, ३४१ चौरस किलोमीटर. इथून वर नांदूर मधमेश्वर २०२०मध्ये रामसरच्या यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, राज्यातलं पहिलं. नाथसागर त्या यादीत नाही. हिवाळ्यात बघण्यासारखं मात्र तेवढंच आहे. उजाडता उजाडता पट्टकदंबांचा थवा डोक्यावरून आवाज करत गेला. हे हिमालय ओलांडून येतात. मग चक्रवाक जोडीजोडीनं, थापट्या बदकं, तलवार बदकं, चमचे, चित्रबलाक. वारकरी पक्षी तर इतके की पाणी काळं दिसावं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आम्हाला मोजकेच दिसले, तेही लांब. दादा म्हणाले, "पाणी जास्त हाय सायेब. चिखल उघडा पडला की मग येतेत. औंदा अजून पडंना."

पक्षी बघणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. धरण तुडुंब असलं की शेतकरी खूश आणि रोहित नाराज. त्याला घोटाभर पाण्याचा चिखल लागतो. आधी कुणाला तरी फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा, मगच फ्लेमिंगोच्या आशेनं या.

आता काठाबद्दल. पाणी उतरतं तसा गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्यावर गाळपेर होते. हरभरा, गहू, पुढं काकडी-टरबूज. जमिनी धरणात गेलेली माणसं आपल्याच बुडालेल्या मातीवर पुन्हा पेरतात, त्यांना कोण नको म्हणणार? शंभरावर गावं या पाण्याखाली गेलीत. पण पेरणी पाण्याला अगदी चिकटून गेली की पाणकणसाचं बेट आडवं येतं. ते कापतात, नाहीतर पेटवतात. मोटारीचे पाइप त्यातून ओढतात. सरकारी कागदात हा पट्टा पाणीही नाही आणि शेतही नाही.

एका न कापलेल्या बेटाशी भाची एकदम खाली बसली. ओल्या गाळात ठसे. चार बोटं, मागं तीन लोळ्यांची गादी, सगळं मिळून माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढं रुंद. ती मोबाइलची बत्ती आडवी धरून ठशांच्या पुढच्या कडेला काहीतरी शोधत होती. मी विचारलं तर म्हणाली, "नखं बघतेय, सवयीनं." मांजर चालताना नखं आत ओढतं, म्हणून ठशात नखं नसतात. कुत्र्या-कोल्ह्याची असतात. फिशिंग कॅटची नखं मात्र पुरती आत जात नाहीत, टोकं बाहेर राहतात, आणि मऊ चिखलात ती कधी कधी उमटतात. कोरिंगात ती हेच शोधत फिरते. इथं नखं नव्हती. "बाऊल," ती म्हणाली.

बाऊल म्हणजे आपलं रानमांजर. लांब पाय, कानाच्या टोकाला काळ्या केसांचा झुपका, अंगावर ठिपके नाहीत, शेपटीच्या टोकाला काळी वळी. नावात रान असलं तरी त्याला दाट जंगल नको असतं. त्याला हवा पाण्याकाठचा लव्हाळा, पाणकणीस, ऊस. पोहतंही झकास. ठशांच्या शेजारी एका वारकऱ्याची पिसं पडली होती आणि एक पाय, हिरवट, बोटांना चपट्या पाकळ्या असलेला. दादांनी तो काठीनं उलटा-सुलटा केला.

भाचीनं त्यांना विचारलं, "दादा, तुमच्याकडं मासे खाणारं मांजर कधी दिसलं का?"

"मासे खाणारं?" ते तोंडावर काही न दाखवता म्हणाले. "ताई, आमच्या गल्लीत घरटी एक हाय."

मग चहा पिताना ती त्यांना खालच्या कोळ्यांबद्दल सांगायला लागली आणि दादा खरंच ऐकू लागले. तिकडं खाड्या बुजवून कोळंबीची तळी झाली. तळ्यात मांजर आलं की मालक चिडतो, फास लावतो, विष घालतो. बंगालात तर ठिपके बघून वाघाचं पिल्लू समजून मारतात. उलट चिलिकात २०२२मध्ये मोजणी झाली तेव्हा काठच्या गावांतल्या मच्छीमारांनाच सोबत घेतलं. अंदाज निघाला १७६ मांजरांचा, आणि तेही अभयारण्याच्या हद्दीबाहेर. दादांनी विचारलं, "मोजायचे पैशे भेटले का त्याह्यला?" हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कॅमेरे सांभाळणाऱ्या गावकऱ्यांना मोबदला द्यायची पद्धत आहे, असं ती म्हणाली. दादांनी मान हलवली. "मग ऱ्हातेत मांजरं."

त्यांची स्वतःची रड वेगळी. जाळ्यात चिलापीच चिलापी. रोहू-कटल्याचं बोटुकली बीज सोडतात पण पकडायला पोरंसोरं बारीक जाळी टाकतात. आणि आता पाण्यावर सोलर बसवायचं निघालंय. तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध पैठणच्या कहार समाजाची मंडळी हरित न्यायाधिकरणात गेली, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०२५मध्ये याचिका फेटाळली गेली. मला विचाराल तर वीज हवीच. पण मासेमारीवर जगणाऱ्या माणसाला 'पाण्याचा वरचा थर आमचा, तू खाली बघ' असं सांगता येत नाही.

दुपारी ऊन इतकं चढलं की सकाळचं स्वेटर कमरेला बांधून फिरलो. परतताना एका शेतावर हुरडा मिळाला. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळून, लसणाच्या चटणीबरोबर. सोबत गुळाचा खडा आणि दह्याची वाटी. शेतकऱ्यानं पैसे घेतले नाहीत, पण भाची मांजरं मोजते हे कळल्यावर आपल्या कोंबड्या किती गेल्या ते बोटं मोडून सांगितलं.

(दुर्बीण नसेल तर येण्यात अर्थ नाही, इथले काठ लांबलचक आहेत. जुने बूट घाला. गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय जातो. अभयारण्यात फिरताना पैठणच्या वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. चप्पूत बसायचंच असेल तर लाइफ जॅकेट मागा. नसेल तर बसू नका, पोहता येत असलं तरी.)

तिसरा दिवस : शहागडच्या अलीकडं, उसाच्या फडात

या दिवशी काहीच ठरवलं नव्हतं. डाव्या कालव्याच्या कडेकडेनं खाली जायचं, एवढंच. जायकवाडीच्या पाण्यानं या पट्ट्याचा रंग पालटला. जिथं आमच्या लहानपणी कापूस आणि ज्वारी दिसायची तिथं मैलोन्‌मैल ऊस. बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्याच्या कडेला वाढ्यांच्या पेंढ्या विकायला लावलेल्या.

तीनच्या सुमाराला एका फडापाशी काम थांबलेलं आणि माणसं गोळा झालेली दिसली. अपघात झाला असेल म्हणून गाडी थांबवली. एक पोरगं पळत आलं, "बिबट्याची पिल्लं घावलीत!"

बीड जिल्ह्यातल्या माणसांची टोळी होती. आठ-दहा कोयते, म्हणजे आठ-दहा जोडपी. तोडता तोडता पाचटात तीन पिल्लं उघडी पडली. एकानं ती गमज्यात गुंडाळली होती, दुसरा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता आणि एक बाई झाकणातून दूध पाजायच्या तयारीत. बाकीच्यांची नजर उभ्या उसाकडं, की मादी आता येते का मग येते.

भाचीनं आधी दूध थांबवलं. मग पिल्लू हातात न घेता गमजा बाजूला सारून बघितलं. मीही वाकून बघितलं. डोळे उघडलेले, निळसर. पिवळट मातकट अंग, त्यावर पुसट पट्टे. कानाच्या टोकाला इवलासा काळा केसांचा कोंब. आमच्याकडं बघून एकानं फिस्सकन केलं आणि त्या जोरात स्वतःच मागं कोलमडलं.

"बिबट्या नाही काका, बाऊल आहे. बिबट्याचं पिल्लू याच्यापेक्षा थोराड असतं आणि अंगभर ठिपके असतात. हे पट्टे मोठेपणी जातात." मुकादमाचा जीव भांड्यात पडला, पण लगेच दुसरी काळजी. कारखान्याची गाडी संध्याकाळी भरायची होती.

वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे. आम्ही फोन लावला. पाच वाजता वनरक्षक मोटारसायकलवर आले. तरुण होते, आणि काय करायचं ते त्यांना नेमकं माहीत होतं. पिल्लं जिथं सापडली तिथंच ठेवायची. उचलून नेली की ती पिंजऱ्यात वाढतात आणि मग आयुष्यभर पिंजऱ्यातच राहतात. जुन्नरकडं बिबट्याच्या पिल्लांसाठी वापरतात तीच रीत इथं वापरायची. शेजारच्या वस्तीवरून टोमॅटोचं कॅरेट आणलं, खाली पाचट अंथरलं, त्यात पिल्लं. कुत्र्यांनी तोंड घालू नये आणि मादीला मात्र काढता यावीत, म्हणून कॅरेट थोडं आडवं करून कडेला उसाची मोळी लावली.

प्रश्न होता उभ्या उसाचा. भोवतीचा सगळा ऊस तोडला तर मादी उघड्यावर यायची नाही. भाचीनं मुकादमाला विचारलं, "चार सरी राहू द्याल का सकाळपर्यंत?" त्यानं तोंड वाकडं केलं. बरोबरच होतं त्याचं, त्याला टनावर पैसे मिळतात. तेवढ्यात दूध पाजायला निघालेली ती बाई कोयत्याचं टोक मातीत रोवत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. आमचं लेकरू बी त्या बांधावर झोळीत हाय. ते उचलून कुणी पुण्याला नेलं तर?" मुकादम काही बोलला नाही. मोळ्या दुसऱ्या बाजूनं भरायला लावल्या.

भाचीच्या बॅगेत तिचा एक कॅमेरा होता. सुट्टीवर सुद्धा ही पोरगी ते घेऊन फिरते. उसाच्या कांड्याला नीट बसेना, म्हणून एक मेख ठोकून तिला बांधला. टोळी कोपींकडं गेली, कुत्री बांधायला लावली, आणि आम्ही शहागडला जाऊन लॉजवर पडलो. पिठलं-भाकरी चांगली होती, पण दोघांचंही लक्ष जेवणात नव्हतं.

(पिल्लं सापडली तर : हात लावू नका, दूध पाजू नका, गायीच्या दुधानं हगवण लागून ती मरू शकतात. फोटो टाकायचाच असेल तर जागा लिहू नका. १९२६ला फोन करा आणि लोकांना पांगवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड.)

चौथा दिवस : गंगाखेडमार्गे घरी

सकाळी सहाला फडावर. आमच्या आधी ती बाई आणि दोन पोरं तिथं उभी. कॅरेट रिकामं होतं.

रिकामं म्हणजे मादीनं नेली की कोल्ह्यानं, हे कॅमेराच सांगणार. भाचीनं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि सगळी टोळी तिच्या खांद्यावरून डोकावायला लागली. रात्रीचे फोटो काळे-पांढरे येतात. सात बावन्नला उसाच्या कडेला नुसते दोन डोळे. आठ नऊला पूर्ण मादी, मोळीला नाक लावून. मग दोन फोटोंत नुसती शेपूट. आठ चौदाला तोंडात पिल्लू, मानेला धरलेलं, चारही पाय लोंबकळत. दुसरं नऊच्या आत गेलं. तिसऱ्यासाठी ती पावणेदहाला आली, आणि मधल्या वेळात ते पिल्लू कॅरेटबाहेर येऊन कॅमेऱ्याच्या मेखेला पंजे मारत बसलं होतं. त्याचे चाळीस-एक फोटो आहेत, सगळे हललेले. पोरं हसून हसून लोळली.

मुकादमानं ते फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतले. 'जागा लिहू नका' हे त्याला तीनदा सांगितलं. पाळलं असेल अशी आशा.

आभाळ सकाळपासून भरून आलेलं. पाथरीच्या पुढं चार टपोरे थेंब पडले आणि चहाच्या टपरीवरची माणसं एकदम गप्प झाली. शाळू काढणीला आलेला, हरभरा सोंगून पडलेला. अर्ध्या तासात ढग पांगले. टपरीवाल्यानं देवाला हात जोडले आणि आम्हाला दुसरा चहा फुकट दिला.

गंगाखेडला जनाबाईचं दर्शन घेतलं. नदीचं पात्र बघवत नाही. वाळू उपसून उपसून खड्डे पडलेत, खड्ड्यांत शेवाळलेलं पाणी आणि बाकी बेशरमाची झाडं. भाची घाटावर बराच वेळ उभी होती. वाळूही तिच्याच हिशोबातली, ती म्हणाली, पण हिचा रस्ता धरणानं नाही, ट्रकनं अडवला.

रात्री परभणीला ताईकडं. शेंगोळे केले होते. ताईनं फोटो बघितले आणि एकच प्रश्न विचारला, "तुझं तिकडचं मांजर मासे खातं, मग कोळ्यांच्या पोटाला काय?" भाचीनं सांगितलं की ते बहुतेक बारीक मासे खातं, शिवाय उंदीर, खेकडे, साप, पाणपक्षी. जाळ्यातला, तळ्यातला मासाही उचलतं, नाही असं नाही. पण माश्यांचं मोठं नुकसान खाडी बुजवल्यानं आणि पाणी नासल्यानं होतं. आपल्या बाऊलाचं तर मुख्य खाणंच उंदीर. रोज तीन-चार सहज मारतं. ताई म्हणाली, "मग आपल्या शेतात सोड की चार." तेवढ्यावर तिची संमती मिळाली असं मी धरतो.

पाचवा दिवस : नांदेड, बाभळी

नांदेडला गुरुद्वाऱ्यात मत्था टेकून लंगर घेतला. डाळीची चव वर्षानुवर्षं तीच. तिथून विष्णुपुरी. शंकरसागराचं पाणी भरलेलं, काठावर जलपर्णी दाटलेली. थोडा वेळ थांबून धर्माबादच्या रस्त्याला लागलो. सोयाबीनची रानं मोकळी पडलेली, हळद काढायची घाई. उकडलेल्या हळदीचा वास गाडीत भरला, तो काच लावूनही जाईना.

बाभळीचा बंधारा म्हणजे गंगा आमच्याकडून तेलंगणात जायच्या आधीचं शेवटचं दार. चौदा दरवाजे. पाण्यावरून दोन राज्यं भांडली आणि २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेळापत्रक घालून दिलं. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, नंतर लावायची, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. आम्ही गेलो तेव्हा दारं बंद, मागं पाणी आणि पुढं उघडे खडक.

काठावर मोटार सुरू करायला आलेले एक आजोबा आम्हाला पाटबंधाऱ्याची माणसं समजले. "सायेब, तुमच्या कोर्टाला सांगा की. पाऊस चालू असतो तवा दारं उघडी. बंद करायची तारीख येते तवर पाणी गेलेलं असतंय. मग काय हवा अडवावं?" औंदा परतीचा पाऊस उशिरा झाला म्हणून साठलं, नाहीतर नुसती फरशी दिसते, असं त्यांचं म्हणणं. आम्ही पाटबंधाऱ्याचे नाही हे सांगितल्यावर त्यांनी बिडी पेटवली आणि मग तुम्ही कोण, असं विचारलं.

भाचीनं सांगितलं. ही नदी पुढं समुद्राला मिळते तिथं २३५ चौरस किलोमीटरचं कोरिंगा अभयारण्य आहे. तिथं हे मांजर राहतं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं त्याला गळ्यात कॉलर लावून ते कुठं कुठं फिरतं हे बघायचं काम हाती घेतलंय, देशातलं असं पहिलं. पावसाळ्यात ही दारं उघडी असतात तेव्हा इथून जाणारं गढूळ पाणी, वाटेतल्या धरणांतून जेवढं निसटेल तेवढं, त्या मांजरापर्यंत जातं.

आजोबांनी मोटारीकडं बघितलं, मग दारांकडं. "म्हंजे आमी भांडायलोत ते पाण्यासाठी, आन् तुमच्या मांजराला पायजे गाळ?"

"हो."

"मग भांडण कशाचं? गाळ घेऊन जा म्हणाव, पाणी ठेवा."

मी हसलो. भाची हसली नाही. ती म्हणाली, पाण्याशिवाय गाळ जात नाही आजोबा, तिथंच तर सगळी अडचण आहे. मग तिनं काठाकडं बोट दाखवून विचारलं की ते लव्हाळ्याचं बेट कुणाचं. त्यांचंच होतं. कापत का नाही, तर म्हणाले, बंधारा भरला की तिथली माती धरून ठेवतंय ते, नाहीतर माझं वावर गेलं असतं नदीत. बाऊलही आहे त्यात. "कोंबडी नेतंय कवाकवा. पर घुशी बी खातंय." एवढं बोलून ते मोटारीचं बटण दाबायला गेले, आणि भाचीनं त्या बेटाचे फोटो काढले. मांजर नसलेले, नुसत्या लव्हाळ्याचे, दहा-बारा.

(बाभळीला जायचं तर धर्माबाद स्टेशनवर उतरा, नांदेडहून गाड्या आहेत. खायला धर्माबादेतच घ्या, बंधाऱ्यावर काही मिळत नाही. मिरचीसाठी हे गाव नावाजलेलं आहे, वर्षाचं तिखट इथून न्यायला हरकत नाही. कोरिंगाला जायचं असेल तर सिकंदराबादहून काकीनाड्याची रेल्वे धरा, तिथून वीसेक किलोमीटर. खारफुटीतून लाकडी पूल केलेला आहे, चिखलात न उतरता आतपर्यंत जाता येतं. हिवाळ्यात जा, आणि ओहोटीच्या वेळी जा म्हणजे मुळं आणि खेकडे दिसतात. फिशिंग कॅट दिसेल या आशेवर जाऊ नका. ती रात्रीची फिरते आणि वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही मुख्यतः फोटोतच भेटते.)

पुढच्या हिवाळ्यात मी जाणार आहे. ताईही येते म्हणतेय, मासे खात नाही तरी. भाचीनं आत्तापासून तंबी दिलीय की गमबूट विकत घेऊनच या, तिच्याकडचे कुणाला होणार नाहीत.